बोगद्याच्या खांद्यावरची फट

भिंती एकमेकींच्या किती जवळ सरकल्या, हे मोजणं माझं काम. ब्रह्मपुरीला माहेरी गेले की आमची कमळाकाकू हमखास विचारते, "काय वो बाई, चालून राह्यल्या का तुह्या भिंती अजून?" मी हो म्हणते आणि सगळ्या हसतात. मी मात्र खरं तेच सांगितलेलं असतं.

आमची खाण माजरीच्या पलीकडं. नवी आहे, अजून कोळसा लागायचाय. जमिनीवरून कोळशापर्यंत उतारानं जाणारा बोगदा खणणं चालू आहे. त्याला इथं सगळे इन्क्लाइन म्हणतात. सुरुवातीचा भाग वालुकाश्मातून जातो, तिथं काही कटकट नाही. बरंच खोल गेल्यावर मात्र एक राखाडी, मऊ खडक लागतो. नखानं खरवडला तरी निघतो, पाणी लागलं की हातात नुसता लगदा. त्याच्या डोक्यावर सगळ्या जमिनीचा भार, आणि मधेच आपण पोकळी करून ठेवलेली. तो खडक मग ती पोकळी भरायला निघतो. त्याला घाई नसते. सैल मळलेल्या पिठात बोट खुपसून काढलं की खड्डा हळूहळू मिटत येतो, तसं.

म्हणून खणलं की लगेच खडकावर जाळी ठोकायची, लांब लोखंडी बोल्ट आत गाडायचे आणि नळीतून काँक्रीट फवारून बोगद्याला आतून अस्तर लावायचं. आता कुणालाही वाटेल, अस्तर जितकं जाड तितकं बरं. मलाही कॉलेजात असंच वाटायचं. चंद्रपूरला शेवटच्या वर्षात असताना सरांनी फळ्यावर एक गोल काढून विचारलं होतं, की डोंगराशी कुस्ती खेळून जिंकणार कोण? जाड काँक्रीट हलत नाही, म्हणून सगळा भार स्वतःच्या अंगावर घेतं, आणि एक दिवस फुटतं. त्यापेक्षा खडकाला थोडं पुढं येऊ द्यावं. येता येता त्याचा जोर ओसरतो. बाळाचं झबलं शिवताना शिवणीत माया सोडतात ना, तसं आम्ही अस्तरात दोन्ही खांद्यांवर, म्हणजे भिंत संपून छताची कमान सुरू होते तिथं, वीतभर रुंदीची फट लांबच्या लांब सोडतो. खडक दाबतो, काँक्रीट सरकतं, फट मिटत जाते. फटीतून खडे पडू नयेत म्हणून वर जाळी आणि तिच्यावर गोणपाटाची पट्टी. काही आठवड्यांनी भिंतींची चाल मंदावली, की फट बुजवून आतून पक्कं, जाड अस्तर ओतायचं.

ती चाल मंदावली का, हे सांगणारी मी. दोन्ही भिंतींत समोरासमोर लोखंडी हुक बसवलेत, त्यांच्यात पोलादी टेप ताणायची आणि तिच्या टोकाच्या काट्यावरचा आकडा वाचायचा. दिवसपाळीतच जाते. घरी आठ महिन्यांची मुलगी आहे. तिला सगळे बारकी म्हणतात. तिच्याजवळ माझ्या सासूबाई, नीलाबाई, असतात.

मी स्वभावानं घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. बारकी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघते. ती रांगायला लागल्यापासून तिला खाली सोडायच्या आधी अंगण दोनदा झाडते, आणि तरी तिच्या तोंडात काहीतरी सापडतंच. नीलाबाई म्हणतात, "तू पोरीवर नजर ठेवतं का पोरीच्या तोंडावर?" पण ही सवय मला बोगद्यात कामाची पडते. काँक्रीटवर केसाएवढी चीर दिसली की तिच्या दोन्ही टोकांना मी खडूची खूण करून ठेवते. दुसऱ्या दिवशी चीर खुणेच्या पुढं गेलेली दिसली, की भीती वाटते आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतं. निदान कळतं तरी, काय चाललंय ते.

बोगद्याला खाली एक वळण आहे. तिथून पुढं जिथं खणकाम चालतं, तिथं माझा नवरा अंकुश असतो. तो बोल्ट मारणाऱ्या टोळीत आहे. टोळीचे मुखिया कोलूभाऊ. आधी जुन्या खाणींत जन्म घालवलेला माणूस. त्या सगळ्यांना आत जायला आणि बाहेर यायला एकच वाट, त्या वळणाखालची. तेव्हा त्या वळणाच्या चिरा मी जरा जास्तच बघत असेन, तर त्यात नवल नाही.

झालं असं, की वळणाजवळच्या भिंती थांबल्या.

वरच्या बाजूला चालत होत्या, खालच्या बाजूलाही चालत होत्या. खडक तोच, काँक्रीट तेच, बोल्ट तेवढेच. मधल्या या एका पट्ट्यात टेप रोज तोच आकडा दाखवायला लागली. सुनिल सर, आमचे बोगद्याचे इनचार्ज, खूश झाले. म्हणाले, इथली जमीन दमली. सोमवारी फट बुजवू आणि पक्कं अस्तर ओतायला घेऊ.

मी त्यांना चिरा दाखवल्या. त्याच पट्ट्यात, फटीच्या कडेला, काँक्रीटचे पापुद्रे सुटत होते. खाली फरशीवर नाण्याएवढे तुकडे पडलेले. चिराही उभ्या-आडव्या नव्हत्या, कुठल्या तरी एका जागेवरून पंख्यासारख्या पसरत होत्या. आणि अशा जागा एक-दोन नाहीत, ठरावीक अंतरावर होत्या.

"सर, दमलेला माणूस ढकलतो का?" मी विचारलं.

ते हसले, पण ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं, फवारलेलं काँक्रीट सुकताना चिरतंच. आणि भिंत हलत नाही म्हणजे भार नाही, मोजणारी तूच आहेस. मी म्हटलं, टेप आणि चिरा दोन्ही खऱ्या असतील तर मधे काहीतरी आहे जे आपल्याला दिसत नाही. जमीन दमली नसेल आणि आपण फट बुजवली, तर तिचा जोर जाड अस्तरावर येईल. ते फुटलं तर खाली येणारा तुकडा नाण्याएवढा नसेल.

सर थोडा वेळ चिरांकडं टॉर्च मारत राहिले. मग म्हणाले, "कारण आण. कारण आणलंस तर सोमवारचं काम मी थांबवतो. नुसती भीती नको आणू, भीती माझ्याकडंही आहे."

ते गुरुवारी. त्या दिवशी बसमधून घरी येताना माझ्या डोक्यात तेच. भिंत हलत नाही आणि काँक्रीट फुटतं. पाण्याचा दाब? पण तिथं ओल नव्हती. बोल्ट तुटले? तुटले असते तर भिंत जास्त चालली असती. मी बॅगेतला एक पापुद्रा काढून बघत बसले होते, तर शेजारच्या बाईनं विचारलं, देवाचा अंगारा आहे का. मी नाही म्हटलं, सिमेंट आहे. ती खिडकीकडं सरकली.

शुक्रवारी माझी सुट्टी. सकाळी अंगण झाडून बारकीला चटईवर सोडलं आणि भात टाकायला आत गेले. बाहेर आले तर ती काहीतरी चघळत होती. मी धावत जाऊन बोट घालून काढलं. लाकडाची ढलपी. पिवळट, गुळगुळीत, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला धारेसारखी. बोटाएवढ्या तुकड्याला नको तेवढं वजन.

नीलाबाईंनी ती हातावर तोलली आणि लगेच सांगितलं, "धावडा होय. अंकुश गावाहून आणते ना."

अंकुशचं गाव धानोऱ्याच्या पुढं, जंगलात. तिथून येताना तो कधी मोहफुलं आणतो, कधी चारोळी, कधी लाकूड. धावडा हे त्या भागातलं सगळ्यात चिवट लाकूड. कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा, बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा, आस धावड्याचा. मी विचारलं, कुऱ्हाडीचे दांडे करून राह्यले का ते? नीलाबाई म्हणाल्या की दांडे नाही बाई, गुटके, लाकडाचे ठोकळे. पाळीला जायच्या आधी, तू पोरीला निजवत असते तवा, परसात बसून छाटत असतो, आणि डब्याच्या पिशवीत भरून नेतो. तिकडं कुणाला तरी खाटेच्या पायाखाली लावायला पाहिजे म्हणते.

मी ढलपी उन्हात धरली. अंकुश डावखुरा आहे. त्याच्या हातचे घाव उलटे उतरतात. आमच्या पाळण्याच्या दांडीवरही तसेच आहेत. घाव त्याचेच होते, यात शंका नव्हती. पण इतक्या खाटा कुणाच्या मोडल्यात, हे मला कळेना. ढलपी मी ओढणीच्या टोकाला बांधून ठेवली. उगाच नाही. मला एखादी गोष्ट कळेना झाली की ती हाताशी असावी लागते.

शनिवारी बत्तीघरातून कॅप लॅम्प घेतला आणि खाली उतरले. वळणाशी आल्यावर टेप लावली. आकडा तोच. मग छोट्या हातोडीनं अस्तर ठोकत निघाले. चांगलं काँक्रीट टणटणतं, मागून सुटलेलं असेल तर ढोलीसारखं वाजतं. इथं तिसराच आवाज आला. फटीच्या कडेला, पंख्यासारख्या चिरांच्या मुळाशी, तो एकदम तीक्ष्ण यायचा. ताणून बांधलेल्या तारेला टिचकी मारावी तसा. दोन पावलं पुढं गेलं की पुन्हा साधा. पुढच्या पंख्याशी पुन्हा तीक्ष्ण.

खणकामाच्या बाजूला ड्रिलचा आवाज चालू होता, म्हणजे अंकुशची टोळी कामात होती. बोल्ट तपासायची चाकांची मचाण तिथंच होती. ती ओढली, चढले, आणि चिरांच्या मुळाशी गोणपाटाची पट्टी उचलली.

फटीत एक लाकडी गुटका उभा होता. खाली काँक्रीट, वर काँक्रीट, मधे तो, घरात खांब उभा करावा तसा, लाकडाच्या रेषा म्हणजे नसा उभ्या ठेवून. वरून पाचर ठोकून घट्ट केलेला. हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर काँक्रीट चेंगरून पांढरं पडलं होतं. गुटक्याला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. दिव्याच्या उजेडात घाव दिसले, उलटे उतरलेले.

ढलपी ताडून बघायला मी ओढणीची गाठ सोडली नाही. गरज नव्हती. पट्टी खाली सोडली आणि मचाणीवरच बसून राहिले. डोक्यात सगळं लखकन जागेवर बसत होतं. भिंत थांबली नव्हतीच. तिला थांबवलं होतं. फट मिटू नये म्हणून खांब लावले, की मिटणार कशी? टेपही खोटं बोलत नव्हती आणि चिराही. जमीन अजून ताजीच होती. तिचा सगळा जोर या तळव्याएवढ्या जागांवर जमून बसला होता, आणि त्याच्या खालून माझा नवरा रोज डबा घेऊन जात होता. गुटक्यांसकट.

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा नीलाबाई बारकीला घेऊन शेजारी गेल्या होत्या. त्यांच्यासमोर मी त्याला तुम्ही म्हणते, एरवी तू. मी ढलपी त्याच्यासमोर पाटावर ठेवली आणि सांगितलं की मी आज फटीत बघितलं.

त्यानं डब्याची पिशवी खाली ठेवली. मग विचारलं ते हे, "तू काऊन चढली वरती? पडली असती म्हणजे?"

मी म्हटलं, "तू का लावलेस, ते सांग."

त्यानं सांगितलं ते असं. कोलूभाऊ जुन्या खाणीत होते तेव्हा छताला लाकडी टेकू असायचे. भार आला की लाकूड आधी कुरकुरायचं, मग करकरायचं, आणि त्याचा सूर बदलला की माणसं हत्यारं टाकून पळायची. कोलूभाऊ तीनदा तसे पळालेत, म्हणून तर आहेत. हे सिमेंट मुकं आहे. ते फुटायच्या आधी काही सांगत नाही. टोळीत सगळ्यांनाच वळणाखालून जाताना धाकधूक व्हायची. मग कोलूभाऊंनी ठरवलं, इथं बोलणारं काहीतरी पाहिजे. लाकूड अंकुशनं आणायचं, कारण त्याला लाकडाचं कळतं.

"अन् मी हलकं लाकूड आणू का मंग, आपल्याच माणसायसाठी?" तो म्हणाला. "जंगलात याच्याहून चांगलं लाकूड नाई. धा धा वर्ष बंडीखाली राह्यते."

"मग बोलले का ते?"

"नाई ना. रोज कान लावून जातो आमी. एकबी नाई कुरकुरला. म्हणून तं कोलूभाऊ म्हणे, भार नाई आता, बेफिकीर चाला."

मला ते चित्र दिसलं. सगळी टोळी वळणाखाली क्षणभर थांबते, कान देते, काही ऐकू येत नाही, आणि निश्चिंत होऊन पुढं जाते. मीही रात्री बारकीच्या पाळण्याशी तेच करते. फक्त मला शांतता ऐकू आली की भीती वाटते, त्यांना धीर येत होता.

"बंडीला आस धावड्याचा का लावता?" मी विचारलं.

"मजबूत राह्यते म्हणून."

"भार आल्यावर बोलतो का तो?"

"बोलाले लागला तं कोण लावन? मुका राह्यते तो. मोडते तवाच..." तो थांबला. ढलपी उचलून त्यानं अंगठ्यानं दाबून पाहिली, जशी काही पहिल्यांदाच बघतोय. पाळण्याच्या दांडीकडं एकदा बघितलं.

मी त्याला पिठातल्या बोटाचं सांगितलं, फट कशाला ठेवतात ते सांगितलं. इतके दिवस एकाच बोगद्यात काम करून हे आम्ही एकमेकांना कधी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटायचं फट म्हणजे काम अर्धवट राहिलंय, ठेकेदाराचं सिमेंट संपलं असेल. मी म्हटलं, सुनिल सरांना सांगावं लागेल. गेटपास जाईल, तो म्हणाला, माझा अन् कोलूभाऊचा बी. ते मलाही माहीत होतं. दोघंही बारकीच्या चटईकडं बघत बसलो. मग तोच म्हणाला, "तू नको सांगू. तुह्या तोंडून गेलं तं चुगली होते. मी सांगतो."

रात्री नीलाबाईंनी विचारलं, काय झालं यायोले सांग. गोंडीत आईला यायो म्हणतात, त्या स्वतःला तसंच म्हणवून घेतात. अंकुश म्हणाला, काई नाई, लाकूड चुकलं.

रविवारी सकाळी त्यानं आणि कोलूभाऊंनी सरांच्या केबिनमधे जाऊन सांगितलं. मी बाहेर उभी होते. आरडाओरडा मला अपेक्षित होता, तो झाला. कोलूभाऊंचं उत्तर मात्र पहिल्यांदाच ऐकलं. ते म्हणाले की साहेब, तुमच्या मशीनचा आकडा तुमाले कळते, आमाले आमच्या कानाचं कळते. आमाले कोनी आकडा सांगतला का आजवर? त्यावर सरांनी माझ्याकडं बघितलं. रोज त्यांच्याच वाटेवर टेप ताणत जाणारी मी, मलाही कधी सुचलं नव्हतं की त्या माणसांना थांबवून सांगावं, भाऊ, आज एवढं सरकलं.

पुढं जे झालं त्याला कारण सरांचं कुतूहल. त्यांनी अंकुशला विचारलं, धावडा बोलत नाही तर कुठलं लाकूड बोलतं? अंकुशनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, सालई. ठिसूळ, पोचट, चुलीत घातली तरी धूर करते. तिची तर भिकाऱ्यानं काठी करू नये. साइटवर पडलेल्या सामानाच्या जुन्या पेट्या तिच्याच होत्या. सर म्हणाले, आण.

साइटवरच्या लॅबमधे काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं यंत्र आहे. त्यात आधी धावड्याचा गुटका ठेवला, उभ्या नसांचा. आम्ही सगळे भोवती. काटा चढत गेला. आमचं काँक्रीट जिथं फुटतं त्याच्याही पुढं गेला, आणि गुटका जसाच्या तसा. कोलूभाऊ कान जवळ नेऊन उभे होते, सरांनी त्यांना मागं ओढलं. आणखी बराच वेळ काही नाही. मग एकदम फाट्कन आवाज झाला आणि गुटका उभा चिरला. लॅबमधल्या मुलाच्या हातातला चहा सांडला.

मग सालईचा तुकडा, अंकुशच्या सांगण्यावरून नसा आडव्या ठेवून. काटा जरासा हलला आणि लाकूड कुरकुरायला लागलं. थांबून थांबून, म्हातारीनं उठता बसता कण्हावं तसं. तुकडा बसत गेला, बसत गेला, निम्मा झाला तरी फुटला नाही. नुसता बोलत राहिला. खोलीत डिंकाचा वास पसरला.

कोलूभाऊ किती तरी वेळ त्या चपट्या तुकड्याकडं बघत होते. म्हणाले, "आमच्या टायमाले टेकू कोन्या लाकडाचे होते, ते आमी कधी पाह्यलंच नाई. ठेकेदार स्वस्तातले आणे." मग माझ्याकडं वळून, "मॅडमबाई, त्या चोट्ट्या ठेकेदारानंच वाचवलं म्हना की आमाले."

सगळे हसले, सरही. सोमवारचं काम थांबलं. दोघांचे गेटपास मात्र आठवडाभर बंद झाले, आणि वळणापलीकडचं खणकाम थांबवून माणसं बाहेर काढली गेली.

आता प्रश्न होता गुटके काढायचा. भार घेऊन बसलेला गुटका ठोकून उडवला तर बंदुकीच्या गोळीसारखा येतो. आधी वळणाखाली लोखंडी कमानी उभ्या केल्या. मग ठरलं की गुटका काढायचा नाही, त्याला भोकं पाडायची. बाजूला उभं राहून, लांब दांड्याच्या ड्रिलनं, एकेक. भोकं पडतील तसं लाकूड आपणहून दबेल, जमीन आपल्या चालीनं पुढं येईल. मी टेपवर असणार होते, आकडा सांगायला.

त्या दिवशी निघताना अंकुश दारात बारकीला घेऊन उभा होता. म्हणाला, "आज दुसऱ्या कोनाले पाठवत नाई का तुमचे सर?" मी म्हटलं, टेप माझ्या हाताला लागलीय. तो बरं म्हणाला, पण बाजूला सरकला नाही. मला आजवर माहीत नव्हतं की तो मागं राहिला की असा दिसतो. एरवी तो पाळीला निघतो तेव्हा मी तिथं उभी असते.

खाली वळणाशी सर, ड्रिलवाले आणि मी. कोलूभाऊंना खास परवानगी काढून आणलं होतं. कुठं कुठं गुटके आहेत ते त्यांनाच पक्कं ठाऊक. पहिल्या गुटक्याला पहिलं भोक पडलं. टेप जिथल्या तिथं. दुसरं पडलं. तिसऱ्याला ड्रिल बाहेर आला आणि सरांनी हात वर करून सगळं बंद करायला लावलं. आत हवा देणारा पंखासुद्धा जरा वेळ बंद केला.

आधी वाटलं, माझ्याच कानात काहीतरी झालं. मग पुन्हा आलं. खूप आतून, दात खाल्ल्यासारखं, कर्र. कोलूभाऊंनी डोळे मिटले. धावडा बोलत होता. टेपवरचा काटा, इतके दिवस मेल्यासारखा पडलेला, केसभर हलला. मी आकडा मोठ्यानं सांगितला. सर म्हणाले, अजून. मी अजून सांगितला. मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण मी त्या काट्यावर इतकी वाकले होते की सरांनी हेल्मेट धरून मला मागं घेतलं. मला फक्त बघायचं होतं, एवढे दिवस थोपवून धरलेलं काहीतरी सुटतं तेव्हा ते किती पुढं येतं, आणि कुठं जाऊन स्वतःच थांबतं.

एका दिवसात थांबलं नाही. पुढचे काही दिवस वळणाच्या भिंती शेजारच्या भिंतींपेक्षा जोरात चालल्या, राहिलेलं अंतर भरून काढल्यासारख्या. मग मंदावल्या. चिरा माझ्या खडूच्या खुणांपुढं गेल्या नाहीत. फट अजून बुजवलेली नाही. तिच्यात जागोजाग सालईचे तुकडे आहेत, सैल बसवलेले, आडव्या नसांचे. ते भार घेत नाहीत, नुसते कुरकुरतात. आणि वळणाशी एक काळी पाटी लावलीय. तिच्यावर मी रोज खडूनं लिहिते, आज किती सरकलं. पाळीला जाताना कोलूभाऊ आधी पाटी वाचून घेतात, मग कान देतात, मग टोळी पुढं जाते.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी वर आले, बत्ती जमा केली, घरी पोचले, तर अंकुश अंगणात बसला होता. समोर सालईच्या ढलप्यांचा ढीग. बारकी त्याच्या मांडीवर, आणि त्याचं एक बोट तिच्या तोंडात. काहीतरी शोधत होता.

"बोलला का?" त्यानं मान वर न करता विचारलं.

मी हो म्हटलं. कसा, ते विचारलं. मी दातावर दात घासून करून दाखवलं. बारकीनं त्याचं बोट सोडलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनंही, नुकत्याच आलेल्या दोन दातांनी, खालचा एक आणि वरचा एक, तसा आवाज काढायचा प्रयत्न केला.